ओडेटच्या समोरची खुर्ची

हां, तर काल आपण डुकराच्या डोळ्यापाशी थांबलो होतो.

डोळा विल्फ्रेडच्या खोबणीत बसवलेला. विल्फ्रेड म्हणजे प्लास्टिकचं डोकं. नाक आहे, कपाळ आहे, मान नाही. हॅलिफॅक्सच्या त्या इस्पितळात डोळ्याची शस्त्रक्रिया शिकायला आलेला प्रत्येक निवासी डॉक्टर आधी विल्फ्रेडवर हात बसवतो. खाटीकखान्यातून बर्फाच्या डब्यात डुकरांचे डोळे येतात, ते एकेक करून विल्फ्रेडला लावायचे, वर मायक्रोस्कोप ओढायचा आणि कामाला लागायचं. विल्फ्रेडनं जितके डोळे बदललेत तितके कुणी मोजेसुद्धा बदलले नसतील, आणि गड्यानं कधी हूं की चूं केलं नाही.

तर त्या डोळ्यावर आपल्या गावची ओडेट वाकलेली, तिच्या उजव्या अंगाला लागून तिला शिकवणारे डॉक्टर मॅकेचर्न बसलेले, आणि भिंगावरचा पापुद्रा पुन्हा एकदा फाटत फाटत कडेला गेलेला.

"पळाला," डॉक्टर म्हणाले.

"पळाला," ओडेट म्हणाली.

"मी काय सांगितलं होतं?"

"ओढू नकोस, वळव."

"मग?"

"मी वळवला, डॉक्टर. तो वळला नाही."

डॉक्टर मॅकेचर्न केप ब्रेटनचे. माणूस पहाडासारखा, आवाज त्याहून मोठा, आणि हात मात्र असे हलके की फुलपाखराला कळू नये. त्यांनी उसासा टाकला, टिपणाच्या कागदावर त्या टप्प्यापुढे दोनचा आकडा लिहिला आणि म्हणाले, "चल, विल्फ्रेडला दुसरा डोळा दे."

हा पापुद्रा म्हणजे काय ते एकदा समजून घ्या, कारण ओडेटचं सगळं नशीब त्याच्यावर टांगलेलं होतं. मोतीबिंदू असतो एका पातळ पिशवीत. डोळ्याला बारीक छेद देऊन आत चिमटा घालायचा, पिशवीच्या वरच्या पापुद्र्याला एक चीर द्यायची आणि ती चीर गोल फिरवत फिरवत आणायची, बांगडीसारखी. त्या भोकातून गढूळ भिंग फोडून ओढून घ्यायचं आणि नवं आत सरकवायचं. बांगडी गोल आली तर पुढचं सगळं सुरळीत. चीर कडेला पळाली तर पिशवी मागपर्यंत फाटते, भिंग डोळ्याच्या तळाशी जाऊन पडतं आणि सगळ्यांचा दिवस वाईट जातो, रोग्याचा तर सगळ्यात जास्त. म्हणून तिकडे असा शिरस्ता आहे की प्रत्येक टप्प्याला एक ते पाच गुण द्यायचे, सगळ्याची फिल्म काढायची, आणि विल्फ्रेडवर बांगडी साधल्याशिवाय माणसाच्या डोळ्याजवळ फिरकू द्यायचं नाही. चांगला शिरस्ता आहे. डोळे आपले असतात तेव्हा तर फारच चांगला वाटतो.

ओडेटच्या बरोबरीचे दोघं केव्हाच विल्फ्रेडला सोडून माणसांकडे गेले होते. ती एकटी मागे. इस्पितळाच्या समितीनं तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या आत हात बसला नाही, तर शस्त्रक्रियेचा नाद सोडून दुसऱ्या शाखेचा विचार करावा. आता हे सगळं निवांत सांगता येतं, हसतही सांगता येतं, पण त्या दिवसांत पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि तिचा दोष काय? तर ती डावखुरी.

तिनं ते लपवलं होतं अशातला भाग नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "हरकत नाही गं! पण हे बघ, इथं ट्रे उजवीकडे, नळ्या उजवीकडून, नर्स उजवीकडे, आणि मीसुद्धा उजवा. तू उजव्यानंच शीक. पुढे कुठल्याही इस्पितळात गेलीस तरी अडायचं नाही." त्यात दुष्टावा काडीचा नव्हता. उलट तिच्या भल्यासाठीच ते रोज संध्याकाळी घरी जायचं सोडून तिच्या शेजारी येऊन बसत. तिच्या बरोबरीच्यांना एवढा वेळ कधी दिला नव्हता त्यांनी. तिचा उजवा हात मात्र पाहुण्यासारखा वागायचा, सांगितलं तेवढंच करायचा आणि तेही संकोचत. कधी मधेच डॉक्टर म्हणत, "बरं, डाव्यानं करून बघ," तर डावा हातही बावचळायचा. कारण शेजारी बसून डॉक्टर जे दाखवायचे ते सगळं उजव्याचं. ते डोक्यात उलटं करून मग हातात उतरवायचं म्हणजे तोवर पापुद्रा पळालेला असायचा.

नोव्हेंबर सरत आला तशी ती दोन दिवस घरी आली, लांस-बेलला. सरत्या नोव्हेंबरात आपल्याकडे दुसरा विषय नसतो. शेवंडांचा हंगाम सुरू व्हायचा, सगळे पिंजरे एकाच सकाळी समुद्रात टाकायचे, त्यामुळे त्याआधी गावातली प्रत्येक शेड पिंजऱ्यांनी आणि शिव्यांनी भरलेली. धक्क्यावर जो भेटेल तो ओडेटला डोळा दाखवणार. "काय डॉक्टरीणबाई, माझं हे झाकण कधी काढतेस?" आणि ती हसून म्हणणार, "काढू की, रांगेत उभे राहा." मनात मात्र म्हणत असणार, अजून डुकराचं निघत नाहीये बाबांनो.

तिचा बाप आल्फे अमिरो शेडमध्ये चुलीशी बसून पिंजऱ्यांच्या जाळ्या विणत होता. पिंजऱ्याच्या तोंडाला ती नरसाळ्यासारखी जाळी असते ना, शेवंड आत जातं आणि बाहेर येत नाही, तीच. आजकाल लोक तयार आणतात. आल्फे आणत नाही. तयार जाळीतून शेवंड हसत हसत बाहेर पडतं असं त्याचं म्हणणं.

ओडेट आत आली, कोट काढला, भिंतीवरची लाकडी सुई घेतली आणि बापाच्या शेजारच्या खोक्यावर बसली.

आल्फेनं मान वर न करता सांगितलं, "तिथं कुठं बसतेस? समोर जा."

"इथं ऊब आहे, पपा."

"ऊब असू दे. तिथं बसलीस की तुझी गाठ उलटी पडते आणि मग दिवसभर मलाच उसवत बसावं लागतं. जा समोर."

ती उठली आणि चुलीपलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. लहानपणापासूनची तिची जागा ती. पाच-सहा वर्षांची असताना तिनं बापाच्या शेजारी बसून विणायचा हट्ट धरला होता आणि प्रत्येक वेळी सुताचा असा गुंता केला होता की आल्फेनं तिला चिडून चुलीपलीकडे पाठवलं. चिडून, बरं का, शिकवायला नव्हे. आणि तिथं बसून बापाच्या हातांकडे बघता बघता पोरगी सरळ विणायला लागली. बापाचा उजवा हात जिकडे जाई तिकडे तिचा डावा. आरशात बघून केस विंचरावेत तसं. तेव्हा कुणी त्याचा विचार केला नाही. जाळी झाली, विषय संपला.

आता मात्र विणता विणता तिची सुई मधेच थांबली.

"काय झालं?" आल्फे म्हणाला. "सूत संपलं?"

"नाही. पपा, तुम्ही जरा हळू विणता का?"

"हळू? परवा पिंजरे टाकायचेत आणि ही म्हणते हळू!"

पण त्यानं हळू विणलं. आणि ती नुसती बघत राहिली. तिचा चेहरा पाहून आल्फेला वाटलं, पोरीला भूक लागलीय. त्यानं सरळ घरात हाक मारली की रापूर भट्टीतून काढा, ही उपाशी आहे. किसलेल्या बटाट्याचा आणि कोंबडीचा तो गरम लगदा तिनं त्या दिवशी दोनदा वाढून घेतला. किती तरी दिवसांनी.

म्हणजे उपाय सापडला होता. तिनं दुसऱ्याच दिवशी जाऊन डॉक्टरांना सांगायला हवं होतं, नाही का? कुणीही सांगितलं असतं.

पण ती आमच्या किनाऱ्यावरची! इथल्या माणसांचा एक रोग आहे आणि त्याच्यावर डॉक्टर नाही. हा आल्फेच घ्या. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेला तेव्हा सासूबाईंनी सलगमाची भाजी वाढली. आल्फेला सलगमाचा वासही सहन होत नाही. पण म्हातारीनं विचारलं, "कशी झालीय?" आणि हा म्हणाला, "वा!" झालं. सासूबाई जिवंत असेतो प्रत्येक रविवारी सलगम. त्यानं शेवटपर्यंत खाल्ले, आणि त्यांच्या मौतीच्या जेवणातही कुणी तरी प्रेमानं वाढले, तेही खाल्ले. त्याचीच ही लेक. जो माणूस आपलं घर सोडून रोज आपल्या शेजारी येऊन बसतो, त्याला "तुम्ही चुकीच्या जागी बसताय" असं कसं म्हणायचं? ख्रिसमस गेला, बर्फ साचलं, डुकरांचे डोळे येत राहिले, पापुद्रे पळत राहिले, आणि ओडेट गप्प.

शेवटी एक दिवस डॉक्टरांनीच कागद बाजूला ठेवला. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता त्यांचा. म्हणाले, "ओडेट, माझं शिकवणं तुला लागू पडत नाहीये. मी समितीला सांगतो की दुसऱ्या कुणाला तरी तुझ्याकडे द्या. तुझ्यात खोट नाही, पोरी."

हे ऐकलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, तुम्ही समोर बसाल का?"

"कुठं समोर?"

"माझ्या समोर. विल्फ्रेडच्या पलीकडे."

"का? पत्ते खेळायचेत?"

मग तिनं भरभरा सगळं सांगितलं, शेड, चूल, सुई, उलटी गाठ. डॉक्टर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि चिमटा धरल्यासारखी बोटं जुळवली. समोरून तिनं डावा वर केला. त्यांनी मनगट वळवलं, तिनं वळवलं. दोन्ही हात एकाच बाजूला झुकले.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. "चल, ऊठ!"

अडचण एवढीच होती की तिथल्या मायक्रोस्कोपला शिकवणाऱ्यासाठी भिंगं होती ती कडेला. समोरासमोर दोघांना बघता येईल असा एक जुना मायक्रोस्कोप अडगळीच्या खोलीत पडला होता. त्याच्यावर कुणाचे तरी बर्फात घालायचे बूट, नाताळाचं झाड आणि एक मोडकी चाकाची खुर्ची. हे सगळं उपसून त्या दोघांनी तो मायक्रोस्कोप ढकलत बाहेर काढला. एक चाक फिरत नव्हतं, त्यामुळे सगळ्या वाटेत डॉक्टरांची केप ब्रेटनकडची जुनी गेलिक भाषा ऐकू येत होती आणि त्यातल्या शिव्या कोणत्या ते कुणाला कळलं नाही, हे बरंच झालं.

मग ते समोर बसले. त्यांनी उजव्यानं रिकाम्या हवेत बांगडी काढली, तिनं डाव्यानं डुकराच्या डोळ्यात. चीर निघाली, कडेकडे झुकायला लागली. पण डॉक्टरांचा हात समोर आत वळला तसा तिचाही वळला, विचार न करता, चुलीपलीकडे बसल्यासारखा. चीर फिरली आणि जिथून निघाली होती तिथं येऊन मिळाली.

बांगडी गोल आली होती. विल्फ्रेडनं नेहमीसारखं हूं की चूं केलं नाही.

"दुसरा डोळा," डॉक्टर म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसायला लागले.

त्यानंतर नर्सनं ट्रे डावीकडे घेतला. यंत्राच्या नळ्याही डावीकडून आल्या, आणि त्यानं इस्पितळाचं छप्पर काही कोसळलं नाही. हिवाळा संपता संपता विल्फ्रेडच्या टप्प्यांपुढे चार आणि पाच पडायला लागले. मग डॉक्टरांनी कठीण खेळ सुरू केला. मधेच हात मागे घ्यायचे, मधेच डोळे मिटायचे, आणि तिचं तिला करू द्यायचं. तिनं केलं. मग खरा दिवस ठरला. माणसाचा डोळा, फिल्म चालू, आणि ती फिल्म समिती बघणार.

रोगी होत्या व्हर्ना क्राउझ, लुनेनबर्गकडच्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या बाई. शस्त्रक्रिया शिकाऊ डॉक्टर करणार आहे हे त्यांना आधी सांगितलं होतं आणि त्यांनी होही म्हटलं होतं. "मीही कधी तरी पहिल्यांदा बस चालवलीच की. पोरं भरलेली होती हो आत."

आता मोतीबिंदूच्या या कामात माणूस जागा असतो. डोळा बधिर, कान टवटवीत. म्हणून त्या खोलीत "अरेरे", "अगं बाई", "गेलं" असले शब्द बंद. शिकवणाऱ्याला थांबवायचं असेल तर तोंडानं नाही सांगत. डॉक्टर मॅकेचर्न यांची रीत ठरलेली होती: शिकाऊ माणसाच्या कोपराला हलकी टिचकी. टिचकी म्हणजे ऊठ, आता मी बसतो. इस्पितळातल्या शिकाऊंना स्वप्नातसुद्धा ती टिचकी लागायची.

ओडेट व्हर्नाबाईंच्या उजव्या अंगाला बसली, डॉक्टर पलीकडे, समोर. तिनं बूट काढून ठेवले होते. यंत्राची पायाखालची कळ किती दाबली ते बुटातून कळत नाही, म्हणून तिकडे बरेच जण मोज्यांवर बसतात. तिच्या पायात आईनं विणलेले लाल लोकरी मोजे.

"सुरू झालं का?" चादरीखालून व्हर्नाबाई.

"झालं. तुम्ही छान पडून राहा."

"पडलेच आहे, बाळ. तू तुझं बघ."

छेद झाला. चिमटा आत गेला. चीर निघाली. या वेळी समोरचे हात हलत नव्हते, डॉक्टर नुसते बघत होते. चीर निम्मी फिरली, आणखी फिरली, आणि नेमक्या त्याच क्षणी टेबलाखाली तिच्या पायावर काही तरी धपकन आदळलं.

टिचकी! समोरून कोपरापर्यंत हात पुरत नाही, म्हणून पायानं दिली. ओडेटच्या अंगातलं रक्त मोज्यात उतरलं. पण हात? हात तसेच राहिले. चिमटा जिथं होता तिथं, केसाएवढाही न हलता. तिनं पापुद्र्याची कड अलगद सोडली, चिमटा बाहेर घेतला, आणि शांत आवाजात विचारलं, "डॉक्टर, खुर्ची बदलू या का?"

पलीकडून कण्हल्यासारखा आवाज आला. "का?"

"तुम्ही पाय…"

"अगं, पोटरीत गोळा आलाय माझ्या! समोर बसून पाय कुठं ठेवायचे ते कळत नाही. तू चालू ठेव, सुंदर चाललंय."

चादरीखालून व्हर्नाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, टाच खाली दाबा आणि बोटं वर. बस चालवताना मला रोज यायचा."

डॉक्टरांनी टाच दाबली. नर्सनं तोंड फिरवून हसून घेतलं. ओडेटनं एक श्वास सोडला, इतका लांब की जणू नोव्हेंबरपासून धरून ठेवला होता, आणि पुन्हा चिमटा आत घातला. बांगडी पुरी झाली. गोल. पुढचं सगळं पाण्यासारखं गेलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा व्हर्नाबाईंनी आधी खिडकी बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग डॉक्टर मॅकेचर्न यांच्याकडे निरखून म्हणाल्या, "तुमच्या कोटाचं एक बटण भलत्याच घरात गेलंय." आणि ओडेटकडे वळल्या. "आणि तू! तू तर माझ्या मागच्या सीटवर बसायच्या वयाची दिसतेस. बरं झालं काल दिसत नव्हतं मला."

समितीनं फिल्म पाहिली. बांगडीला पाच मिळाले. पण डॉक्टरांनी सगळ्यात आधी बोट ठेवलं ते दुसऱ्याच जागी, जिथं ओडेट मधेच थांबली होती. म्हणाले, बघा, इथं हिला वाटलंय की सगळं संपलं, आणि हिचे हात बघा. समितीतल्या एकानं विचारलं की ती थांबली का, आणि डॉक्टरांना आपल्या पोटरीची हकिकत भर सभेत सांगावी लागली. ओडेटला परवानगी मिळाली. दुसऱ्या शाखेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मेअखेरीस हंगाम संपला तसं आल्फेनं डॉक्टरांना जेवायला बोलावलं. ते एवढा रस्ता तुडवत आले. अंगणात पातेलं उकळत होतं, शेवंडं लाल झाली होती, आणि आल्फे पुन्हा पुन्हा त्यांचा हात हातात घेत होता. डॉक्टर सवयीनं ओडेटच्या शेजारी बसायला गेले. आल्फेनं त्यांची खुर्ची उचलून टेबलापलीकडे ठेवली. सगळे हसले. डॉक्टर सगळ्यात जास्त.

हसू ओसरल्यावर त्यांनी शेवंडाचा नांगा फोडता फोडता विचारलं, "ओडेट, एक सांग. तुला नोव्हेंबरातच कळलं होतं. मग सगळा ख्रिसमस संपेतो मला बोलली का नाहीस? समिती तुला घालवायला निघाली होती पोरी!"

ओडेटनं लोण्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "काय करू डॉक्टर, तुम्ही इतक्या प्रेमानं चुकीच्या बाजूला बसत होतात, की तुम्हाला उठा म्हणायला जीव होईना."